समोरच्या टॉवरची औटकी

मुनिरका, नवी दिल्ली
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ति. बाबांना,
सप्रेम जयभीम.

आधी एक चूक दुरुस्त करते. १९ ऑक्टोबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझ्या ऑनलाइन क्लासमधली गुरुग्रामची सहावीतली मुलगी, स्वरूपा, गणितं स्वतः करत नाही. खोलीत बसलेलं कोणीतरी तिला उत्तरं सांगतं. 'मी स्वतः पाहिलं' असंही लिहिलं होतं. ते खरं नाही. सांगताना मी कोणालाच पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं ते एवढंच: गणित दिलं की स्वरूपा मान डावीकडे वळवते, दोन-तीन सेकंद तिकडे बघते आणि उत्तर देते. उत्तर बरोबर असतं. वहीत पायऱ्या नसतात. बाकीचं मी माझ्या मनाने ठरवलं.

त्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिलीही होती. राहिली म्हणजे मी लिहिली नाही. माझं हे ठरवणं मी फक्त तुम्हालाच कळवलं नव्हतं. त्याच दिवशी स्वरूपाच्या आईला, शुभदाताईंना, तसाच मेसेज केला होता. त्यातही 'मी पाहिलं' हेच शब्द होते.

पुढचं असं झालं. क्लासच्या वेळी स्वरूपाच्या खोलीत तिचे आजोबा कॉटवर बसलेले असतात. खंडेराव त्यांचं नाव. शुभदाताईंचे सासरे. पूर्वी बल्लारपूरला लाकडाच्या वखारीत मोजणीचं काम करायचे. आजी गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, मुलाकडे गुरुग्रामला आले. शुभदाताईंनी घरात विचारल्यावर ते म्हणाले, "हो, मीच सांगत होतो." विषय संपला. त्यांची कॉट हॉलमध्ये नेली. स्वरूपा आणि त्यांनी अभ्यासाच्या वेळी एकत्र बसायचं नाही असं ठरलं. शुभदाताईंनी मला हात जोडलेली दोन चिन्हं पाठवून आभार मानले आणि मला वाटलं की माझ्या हातून एक नीट काम झालं.

त्यानंतर चार क्लास झाले. खोलीत स्वरूपा एकटी असते. दार बंद असतं. तरीही गणित दिलं की ती डावीकडे बघते आणि उत्तर येतं. परवा मी साडेतीन गुणिले सोळा विचारलं. माझं स्वतःचं बोलून व्हायच्या आत ती म्हणाली, "छप्पन."

मग आधी उत्तर कुठून येत होतं? आणि ते आजोबांनी सांगितलेलं नसेल, तर आजोबा 'मीच सांगत होतो' का म्हणाले?

मला हे कळल्याशिवाय राहवणार नाही. खोलीवर येणारी मुनिरकातली सात मुलं आहेत, त्यांच्या वह्या समोर पडल्या आहेत, आणि मी गुरुग्रामच्या एका डाव्या भिंतीचा विचार करतेय.

आई फोनवर म्हणाली की तुम्ही माझी पत्रं उघडता, पण शेवटचं पान आधी वाचता. म्हणून शेवटच्या पानावर लिहिते: दमा ठीक आहे. इनहेलर संपायच्या आत नवीन आणते.

तुमची
लुंबिनी


बुधवार, ५ नोव्हेंबर

ति. बाबांना,

कळलं.

आज हवा फार वाईट होती. खिडकीतून समोरच्या घरमालकांची गच्चीसुद्धा धड दिसत नव्हती, म्हणून मुनिरकातल्या मुलांना मी येऊ नका म्हटलं आणि स्वरूपाचा एकटीचाच क्लास घेतला. ती पाठीला उशी लावून बसली होती. मी साडेतीन गुणिले नऊ दिलं. तिने डावीकडे पाहिलं आणि म्हणाली, "साडेएकतीस."

मी म्हटलं, "स्वरूपा, मी रागावणार नाही. तिकडे काय आहे?"

"खिडकी."

"खिडकीत?"

"आज काहीच नाहीये. स्मॉग आहे. टॉवर गायब."

"आणि रोज?"

"रोज टॉवर असतो ना, दीदी."

मी तिला म्हटलं, लॅपटॉप उचल आणि मला दाखव. तिने उचलला. नवव्या मजल्याची खिडकी, बाहेर नुसतं राखेच्या रंगाचं. मग ती खिडकीपाशी उभी राहून बोट नाचवत सांगत गेली, जणू मला दिसतंच आहे. समोरच्या टॉवरला प्रत्येक मजल्यावर तीन मोठ्या काचा आहेत आणि टोकाला बाथरूमची अर्धी काच. तीन आणि अर्धी. तिला शाळेत कोरोना वगैरेमुळे पाढे नीट झालेच नव्हते. आजोबा आले तेव्हा त्यांनी तिला आधी हा टॉवर मोजायला लावला. पहिला मजला साडेतीन. दुसऱ्यापर्यंत सात. तिसऱ्यापर्यंत साडेदहा. मोजता मोजता आजोबा ते म्हणायचे आणि ती त्यांच्यामागून म्हणायची.

"काय म्हणायचे?"

"एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा. औट म्हणजे थ्री अँड अ हाफ, दीदी."

बाबा, औटकी.

मी विचारलं की अडीच असेल तर काय करतेस. "मग एक काच पडद्याने बंद करायची. मनात." आणि तीसपट असेल तर? टॉवर तर बावीसच मजल्यांचा आहे. "आजोबा म्हणतात, पुढचे मजले आपण बांधायचे." तिने दोन सेकंदं स्मॉगमध्ये पाहिलं. "एकशे पाच."

टॉवर दिसत नव्हता आणि उत्तर बरोबर होतं. म्हणजे ती आता टॉवर मोजत नाही. तिकडे फक्त मान वळते. मी लिहिताना हात थांबवते आणि छताकडे बघते तशी. औटकी तिला पाठ आहे.

मग तिने मला विचारलं, "तुम्ही म्हणा ना दीदी, चार औट?"

मी म्हटलं, "चौदा."

"असं नाही. असं तर कोणीही म्हणेल. पाढा म्हणा. पहिल्यापासून."

मला म्हणता आला नाही. तीनपर्यंत आला. ती हसली. "दीदी, तुम्हाला औटकी नाही येत? तुम्ही तर मॅथ्सच्या टीचर आहात यार." मी तिला यार म्हणू नकोस एवढंच म्हणू शकले.

तीनवर का थांबते ते तुम्हाला माहीत आहे.

लुंबिनी


शनिवार, ८ नोव्हेंबर

ति. बाबांना,

बुधवारी मी 'कळलं' असं लिहिलं, ते अर्धंच होतं. उत्तर कुठून येतं ते कळलं. आजोबा खोटं का बोलले ते काल कळलं.

स्वरूपाला मी सरळ विचारलं. तिने आधी दाराकडे पाहिलं. मग ती हळू बोलायला लागली. मी मेसेज केला त्या संध्याकाळी तिच्या आईने तिला समोर उभं केलं. "मम्मी खूप गुस्सा होती. म्हणाली, शाळेतपण असंच करतेस ना? टेस्टमध्ये पण असंच ना? मी टीचरना फोन करते." स्वरूपाने रडत सांगितलं की मी चीटिंग करत नाही, मी खिडकीकडे बघते. त्यावर तिचे बाबा, केतन, म्हणाले, "खिडकीत उत्तरं लिहिलीयत का?" तेव्हा आजोबा उठले आणि म्हणाले, "पोरीला बोलू नका. मीच सांगत होतो."

"दीदी," स्वरूपा मला म्हणाली, "मोठ्या माणसांना खोटं बोलायची परमिशन असते का?"

मी म्हटलं, नसते. मग तिने विचारलं, "मग आजोबांना पनिशमेंट मिळाली ती बरोबर आहे?"

कोणती पनिशमेंट, ते तिने मला सांगितलं, आणि ते मला आधी माहीत नव्हतं. १८ नोव्हेंबर, मंगळवारच्या गाडीचं त्यांचं तिकीट काढलंय. नाशिकला, धाकट्या मुलाकडे. परतीचं काढलेलं नाही.

मी लगेच शुभदाताईंना फोन केला. आमचं बोलणं मला जसं आठवतंय तसं लिहिते.

मी म्हटलं, "शुभदाताई, माझी चूक झाली. स्वरूपा स्वतःच करते सगळं."

"अच्छा? छान. म्हणजे आता सुधारली."

"नाही, आधीपासूनच करत होती. आजोबा सांगत नव्हते."

"अहो लुंबिनी, त्यांनी स्वतः कबूल केलंय."

"ते स्वरूपाला वाचवायला म्हणाले."

 त्या म्हणाल्या, "बघा, तुम्ही खूप सेन्सिटिव्ह आहात, मला कळतं ते. पण तुम्हीच लिहिलं होतंत ना, मी पाहिलं म्हणून? आणि नाशिकचं काही या एकाच गोष्टीवरून नाहीये. इथली हवा त्यांना बिल्कुल सोसत नाही. तिकडे बरं वाटेल त्यांना. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "बरं."

बाबा, मी 'बरं' म्हटलं. माझ्याच मेसेजचा पुरावा त्यांनी माझ्यापुढे धरला आणि मी ऐकून घेतलं. हवेचं खरंच आहे, ते मीही नाकारत नाही. पण हवा गेल्या नोव्हेंबरातही अशीच होती आणि तेव्हा कोणी तिकीट काढलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी दोन तास पाचवीच्या वह्या तपासल्या. एका मुलाने सगळी गणितं बरोबर केली होती आणि मी त्याला पायऱ्या नाहीत म्हणून तीन मार्क कमी दिले. मग ते खोडून परत दिले. मग पायऱ्या लिही असा शेरा लिहिला. आता त्या पानावर इतकी लाल शाई आहे की ते वाईट रीतीने चुकलेलं वाटतं.

मंगळवारपर्यंत दहा दिवस आहेत.

लुंबिनी


मंगळवार, ११ नोव्हेंबर

ति. बाबांना,

हे पत्र तुम्ही शेवटच्या पानापासून वाचू नका. पहिल्यापासून वाचा.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मला तुम्ही तीन वर्षं घरी शिकवलंत, कारण दम्यामुळे मला शाळेत टिकता येत नव्हतं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी एक तास आणि संध्याकाळी आल्यावर एक. ऑफिसातले पाठकोरे कागद तुम्ही आणायचात. एका बाजूला टाइप केलेलं, कोण्या संचालकांच्या दौऱ्याचं, आणि दुसऱ्या बाजूला माझे अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी. सवायकी मला सोपी गेली. दिडकी मी आईच्या लाटण्याच्या तालावर पाठ केली. अडीचकी झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता औटकी. ती आली की तुला कोणी अडवणार नाही." औटकीच्या पहिल्या तीन ओळी तुम्ही लिहून दिल्यात आणि उरलेली रविवारी घेऊ म्हणालात. तो रविवार आला तोवर तुम्ही मला शिकवणं सोडलं होतं.

मधल्या गुरुवारी काय झालं, ते तुम्हाला अर्धं माहीत आहे. मी शाळेत जायला लागून चार महिने झाले होते. पाचवीच्या चाचणीत माझी सगळी उत्तरं बरोबर आली आणि एकाही गणिताला पायरी नव्हती. मॅडमनी विचारलं, किसका देखा? मी म्हटलं, किसी का नहीं. त्या म्हणाल्या, फिर पापा को बुलाओ. तुम्ही अर्धी सुट्टी काढून आलात. इस्त्री केलेला निळा शर्ट होता. स्टाफरूमच्या दारात माझ्या वर्गातली पाच-सहा मुलं उभी होती.

तुम्ही मॅडमना समजावून सांगायला सुरुवात केलीत. "मैडम, हमारे में पाढा रहता है, पावकी, निमकी, ऐसा..." दारातलं एक मूल 'पावकी' म्हणून हसलं. मग दुसरं. तुम्ही हाताच्या बोटांवर पाव दाखवायला लागलात. मॅडमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आठवत नाही. त्यांनी तुच्छतेने पाहिलं असं मी खूप वर्षं स्वतःला सांगत आले, पण ते मला खरोखर आठवत नाही. त्या फक्त ऐकत असतील. मला आठवतं ते दार.

तुम्ही माझ्याकडे वळून मराठीत म्हणालात, "लुंबे, सांग त्यांना. खरं काय ते सांग."

आणि मी हिंदीत म्हटलं, "मैंने श्रीरंग की कॉपी में देखा था."

मी पाहिलं नव्हतं, बाबा. श्रीरंग माझ्या पुढच्या बाकावर बसायचा आणि त्याची स्वतःची तीन गणितं चुकली होती. कोणी ताडून पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. मला फक्त तुमचं बोलणं थांबवायचं होतं. तुमची बोटं खाली यायला हवी होती. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "गलती हो गया, मैडम. बच्ची है." श्रीरंगला वही दाखवली म्हणून दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. तो रडत नव्हता. त्याला वाटत होतं की आपण दाखवली असेल.

 घरी येताना माझी बॅग तुम्हीच उचलली होतीत. रविवारी पाठकोरे कागद टेबलावर होते, तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात आणि मी विचारलं नाही.

तुम्हाला इतकी वर्षं वाटत आलं असणार की मुलीला सगळं शिकवलं आणि तरी तिने दुसऱ्याच्या वहीत पाहिलं. मला वाटत आलं की ते वाटणं, मला तुमची लाज वाटली होती हे तुम्हाला कळण्यापेक्षा बरं. आता तेही लिहिलं.

दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी जानेवारीत, तुमच्या निरोप समारंभात. साहेबांनी मला माइक दिला आणि विचारलं, "बेटी गणित में एमएससी है. किससे सीखा, पापा से?" मी 'हो' म्हणणार होते. पण 'हो' म्हटलं की पुढे कसं शिकवलं ते सांगावं लागलं असतं, आणि ते तुमच्या समोर मला कुठल्या तोंडाने सांगता आलं असतं? मी म्हटलं, "नहीं सर, स्कूल में. पापा तो हमेशा फ़ाइलों में रहते थे." सगळे हसले. तुम्हीही हसलात. हार तुमच्या गळ्यात होता. तुम्ही समोसा हातात घेतला होतात, तो तुम्ही तसाच प्लेटमध्ये ठेवलात.

गावच्या शाळेत तुम्हाला दाराजवळ बसवायचे आणि सगळे पाढे तुम्ही तिथूनच ऐकून पाठ केलेत, हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं. मी सात वर्षांची होते. त्या समारंभात मला ते आठवत होतं. विसरून बोलले असते तर वेगळं झालं असतं.

त्यानंतर तुम्ही वर्ध्याला गेलात. मी फोन केला की आई तो तुमच्या कानाला लावते आणि मला फक्त पंख्याचा आवाज ऐकू येतो.

हे लिहून मी कोणाकडे सुटका मागत नाही. मला एक समजून घ्यायचं आहे. खंडेराव आजोबांनी स्वतःवर खोटं घेतलं ते नातीला वाचवायला. मी स्वतःवर खोटं घेतलं ते मला वाचवायला. बाहेरून दोन्ही कबुल्या सारख्याच दिसतात, आणि ऐकणारा दोन्ही वेळी समाधानाने घरी जातो. म्हणून शुभदाताईंवर मला रागावता येत नाही. कबुली मिळाल्यावर कोण पुढे तपासतं? मीसुद्धा तपासलं नव्हतं. आणि खोटी कबुली कशी असते हे त्या क्लासमध्ये मलाच सगळ्यात चांगलं माहीत होतं.

लुंबिनी


गुरुवार, १३ नोव्हेंबर

ति. बाबांना,

काल आई फोनवर म्हणाली, "पाच तारखेचं पत्र आलं. बाबांनी पहिल्यापासून वाचलं या वेळी." मी विचारलं, काही म्हणाले का. "म्हणाले, पोरगी हुशार आहे." मी विचारलं, कोणती. आई म्हणाली, "ते मी विचारलं नाही बाई, तुमचं तुम्ही बघा."

ते स्वरूपाबद्दलच असणार. तसं धरूनच चालते.

कालच्या क्लासमध्ये स्वरूपाने दोनदा मला औटकी शिकवायला घेतली. "चार औट चौ..." एवढं म्हणाली आणि मी तिला थांबवलं. उत्तरं मला काढता येतात, तो प्रश्न नाही. पण ती ओळ मला दुसऱ्या कोणाकडून ऐकायची नाही. ती म्हणाली, "तुम्ही फार अजीब आहात, दीदी." मग आम्ही पायऱ्यांचं काम केलं. शाळेत पायऱ्या लागतातच, त्यातून सुटका नाही. मी तिला सांगितलं की उत्तर पानाच्या तळाशी आधी लिही, मग वर जागा सोडलीयस तिथे पायऱ्या भर, जसं मजल्यावरून खाली उतरतो तसं. तिला ते आवडलं. "लिफ्टने वर, जिन्याने खाली," ती म्हणाली. हे मला माझ्या पाचवीत कोणी सांगितलं असतं तर, असं मनात आलं. पण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं.

आजोबा हॉलमध्ये बसून असतात. स्वरूपाने दार किलकिलं करून लॅपटॉप तिकडे वळवला आणि मला ते प्रथमच दिसले. ते टीव्हीसमोर होते, टीव्ही बंद होता, आणि हात गुडघ्यावर होते. एक बॅग कॉटखाली भरून ठेवलेली होती. शुभदाताई वाईट नाहीत हे मी लिहून ठेवते. बॅगेवर त्यांनी आजोबांच्या गोळ्यांचा डबा काढून ठेवला होता आणि त्यावर सकाळ-संध्याकाळच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

आता काय करणार ते.

फोनवर मी पुन्हा 'बरं' म्हणेन, म्हणून फोन नाही. मी घरी जाणार. केतनदादांना सुट्टी असते तेव्हा, म्हणजे सगळे असतील. हौज खासला मेट्रो बदलायची आणि पुढे ऑटो. शुभदाताईंना मी आज कळवलंय की स्वरूपाचा प्रगतीचा कागद द्यायला येते. हेही पूर्ण खरं नाही, म्हणून मी तसा कागद तयारही केलाय.

तिथे गेल्यावर खिडकीचा पडदा ओढायचा. आजोबांना हॉलमध्येच बसू द्यायचं. स्वरूपाला केतनदादांकडून दहा गणितं विचारून घ्यायची, माझ्याकडून नाही. मग पडदा उघडायचा आणि तिलाच टॉवर दाखवायला सांगायचं. हवा बरी असेल तर दिसेल. नसेल तरी चालेल.

त्यानंतर माझा मेसेज मी त्यांच्यासमोर वाचणार आणि 'मी पाहिलं' हे खोटं होतं असं म्हणणार. शुभदाताई नक्की विचारतील की तुम्हाला आता हे इतकं खात्रीने कसं माहीत. इथेच मी दोनदा अडकले आहे, एकदा दारातल्या मुलांपुढे आणि एकदा माइकपुढे. या वेळी मी म्हणणार की मला माहीत आहे, कारण माझ्या बाबांनी मला असंच शिकवलं. पावकीपासून अडीचकीपर्यंत, लक्ष्मीबाई नगरला, पाठकोऱ्या कागदांवर. आणि माझ्यावरही कॉपीचा आळ आला होता आणि मी तो खोटाच कबूल केला होता. आजोबा ऐकत असतील. त्यांनी काय म्हणायचं ते त्यांचं.

तिकीट रद्द होईल की नाही, मला माहीत नाही. हवेचा प्रश्न खरा आहे आणि ते ठरवणं माझ्या हातात नाही. पण ते गेले तर नातीला उत्तरं सांगणारा म्हणून जाऊ नयेत. एवढं माझ्या हातात आहे, कारण ते मीच केलं.

मला भीती वाटते. काल रिहर्सल म्हणून आरशासमोर बोलले आणि 'माझ्या बाबांनी' म्हणताना दम लागला. खरंच दम लागला, दम्याचा. इनहेलर घेतला. बरोबर घेऊन जाईन.

हे पत्र मी आज मुद्दाम स्पीड पोस्टाने टाकतेय. वर्ध्याला तुमच्या हातात ते साधारण सोमवारी-मंगळवारी पडेल. तोवर माझं जाणं होऊन गेलेलं असेल किंवा नसेल. मी गेले नाही, तर तुमच्याबद्दलचं माझं हे तिसरं खोटं असेल, आणि या वेळी ते माझ्याच अक्षरात तुमच्याकडे असेल. म्हणून दिवस आणि वेळ नीट लिहिते, खाडाखोड न करता.

चार औटपासून पुढचं तुमच्याकडे आहे. मी तिकडून परत आल्यावर फोन करेन. आईने फोन कानाला लावला तर पंखा जरा बंद ठेवा.

जाणार: रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजता.

तुमची
लुंबिनी